कौसल्या मॅडमचा जोड

रोबोट रिंगणाच्या मधोमध थांबला. चेंडू धरलेला त्याचा हात तसाच हवेत राहिला आणि पुढचा हिरवा दिवा विझला. क्षणभरानं दिवा परत लागला, रोबोटनं एक हिसका खाल्ला आणि पुन्हा सगळं गप्प.

दिग्विजय रिमोटची बटणं दाबतच राहिला. समोरच्या संघाचा रोबोट एकेक चेंडू उचलून टोपलीत टाकत होता आणि त्यांची पोरं प्रत्येक चेंडूला ओरडत होती. शेवटी पंचांनी शिट्टी वाजवली, तेव्हा दिग्विजयनं रिमोट कठड्यावर आपटला.

"ह्यो दुसरा सामना गेला," तो कुणाकडंच न बघता म्हणाला.

कठड्याच्या अलीकडं कौसल्या मॅडम उभ्या होत्या. उजवा हात पदराखाली होता.

इंदापूरच्या त्या कॉलेजच्या सभागृहात राज्यभरातले संघ आले होते. बारामतीकडच्या एका साध्या इंजिनिअरिंग कॉलेजचा हा संघ पहिल्यांदाच इथवर पोचला होता. कौसल्या मॅडम त्यांच्या मार्गदर्शक. इलेक्ट्रिकल विभागात शिकवता शिकवता त्यांचे केस पिकायला आले होते. वडगाव निंबाळकरहून सकाळी स्कूटीवर यायचं, तास घ्यायचे, प्रयोगशाळेत उभं राहायचं, संध्याकाळी घरी जाऊन गाईंचं बघायचं. त्यांच्या नावावर शोध नव्हता, पुरस्कार नव्हता. पण मॅडमनी केलेली वायरिंग बघायला दुसऱ्या विभागातली मुलं येत. एका ओळीत बसलेल्या वायरी, कुठं ताण नाही, कुठं ढिलाई नाही. एवढीच त्यांची ख्याती, आणि ती त्यांना पुरत होती.

गेल्या वर्षीचा रोबोट सरावातच धुमसला होता. एकाच वायरीवरून पुढं पुढं सगळ्या मोटरी जोडत नेलेल्या. सगळ्या एकदम चालू झाल्या की वायर तापायची, विजेचा दाब, व्होल्टेज, उतरायचा, आणि रोबोटचा मेंदू म्हणजे तो छोटा बोर्ड बंद पडायचा. एकदा वायरीचं आवरण वितळत पार बॅटरीपाशी पोचलं. त्या दिवसापासून मॅडमनी ठरवलं होतं की हे मुळापासून बदलायचं. आता बॅटरीवरून दोन जाड मुख्य वायरी तांब्याच्या पट्ट्यांवर येत होत्या आणि तिथून प्रत्येक मोटरला वेगळी वायर, वेगळा फ्यूज. सांगवीच्या रेश्मानं हे सगळं त्यांच्या हाताखाली बसून जोडलं होतं. पोरगी बोलायची कमी, पण काम मनापासून करायची.

रोबोट टेबलावर आणून ठेवला. रेश्मानं मीटर लावला.

"दाब बरोबर हाय मॅडम. फ्यूजही सगळे चांगले हायेत."

"हितं बरोबर हाय आन् तितं गेल्यावर मरतंय!" दिग्विजय भडकला. "सामना सुरू झाला की बंद. का? वायरिंग कुणी केलंय?"

"मी केलंय."

"मग?"

"मी एकेक जोड ओढून बघितलाय दिग्विजय. खरंच."

"सगळ्यांनी वर्षभर मरायचं आन् हिच्या एका जोडापायी घरी जायचं. तू बाजूला हो. टेबलाला हात लावू नको."

रेश्मा मागं सरली. हातातला मीटर कुठं ठेवावा हे तिला समजेना. तो छातीशी धरून ती भिंतीला टेकून उभी राहिली. संघातल्या बाकीच्या मुलांपैकी कुणीही तिच्या बाजूनं बोललं नाही.

मॅडमही बोलल्या नाहीत.

"आता एकच सामना राहिलाय," दिग्विजय म्हणाला. "ह्या पट्ट्या आन् फ्यूज काढून टाकू. पहिल्यासारखं बॅटरीवरनं डायरेक्ट मोटरीला जोडू. पंच काय आता परत उघडून बघत न्हाईत."

"असं करू नकोस," मॅडम म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटला. "मी आलेच."

त्या बाहेर आल्या. इमारतीच्या मागं पाण्याचा नळ होता. तो सोडून त्यांनी उजवा हात धारेखाली धरला. पाण्यातही बोटं हलत होती. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होते, जणू कुणी चिमटीत तपकीर चोळतंय.

पावसाळ्यात हे सुरू झालं होतं. आधी वाटलं, थकवा. मग फळ्यावरचं अक्षर बारीक होत गेलं. मागच्या बाकावरची मुलं "मॅडम, दिसत न्हाय" म्हणायला लागली. त्यांनी फळा सोडून पडद्यावर शिकवायला सुरुवात केली. घरी चहाचा कप डाव्या हातात आला. नवऱ्यानं, हिंदुरावांनी, एकदा विचारलं, तर "उजव्या हाताला भाजलंय" म्हणून मोकळ्या झाल्या. डॉक्टरकडं जायचं त्या टाळत होत्या. त्यांच्या थोरल्या मामांचा हात असाच हलायला लागला होता. शेवटी शेवटी मामी त्यांना सदऱ्याची बटणं लावून द्यायच्या, आणि बटणं लावून होईपर्यंत मामा खिडकीबाहेर बघत बसायचे.

आणि काल दुपारी.

कार्यशाळेत शेवटचा एकच जोड राहिला होता. बॅटरीकडून येणाऱ्या काळ्या मुख्य वायरीच्या टोकाला थिंबल, म्हणजे तांब्याची पोकळ टोपी, बसवून लांब दांड्यांच्या टूलनं ती आवळायची. रेश्मा करायला निघाली होती. "तू जेवून ये, हे मी करते," मॅडम म्हणाल्या. आपला हात अजून चालतो का, हे त्यांना बघायचं होतं. फक्त एकदा, कुणी नसताना. थिंबल आणि वायर डाव्या हातानं धरून त्यांनी दांड्या उजव्या हातानं आणि पोटाच्या आधारानं दाबल्या. हात मध्येच उसळला. थिंबल सरकली आणि अर्धवटच आवळली गेली. दोन-चार तारा बाहेर राहिलेल्या दिसल्या. ती कापून नवीन बसवायला हवी होती. त्यांच्या हाताखालच्या कुठल्याही पोरानं असं केलं असतं, तर त्यांनी तिथंच कापायला लावलं असतं. त्यांनी वरून काळी स्लीव्ह, प्लॅस्टिकची नळी, चढवली, गरम हवेनं ती घट्ट बसवली आणि जोड झाकला. वरून अगदी सुबक दिसत होता.

टेबलावर रोबोट नुसता उभा असतो तेव्हा तेवढा जोड पुरतो. रिंगणात सगळ्या मोटरी एकदम ओढायला लागल्या की पुरत नाही. पहिल्याच सामन्यात रोबोट थांबला, तेव्हा त्यांना शंका आली होती. दुसऱ्या सामन्यात त्यांना पक्कं कळलं होतं. तरी त्या गप्प बसल्या होत्या. बोललं की जोड उघडणार होता, आणि जोडाबरोबर हातही. हात उघडा पडला की प्रयोगशाळा गेली. मग उरलं काय? नळाचं पाणी पायावर उडत होतं आणि त्यांना ते बंद करायचं सुचत नव्हतं. आतून कुणीतरी पुढच्या सामन्यासाठी संघांची नावं पुकारत होतं. रेश्मा तशीच भिंतीला टेकून उभी असेल. हे मनात आलं, आणि त्यांनी नळ बंद केला.

त्या आत आल्या तेव्हा दिग्विजय पहिला फ्यूज उपसत होता.

"थांब. फ्यूज परत बसव." त्या टेबलापाशी आल्या. "रेश्मा, इकडं ये. काळ्या मुख्य वायरीचा पट्टीवरचा जोड ओढून बघ."

रेश्मा जागची हलली नाही. "तो तुमी केलाय मॅडम."

"म्हणूनच म्हणते. तो ओढून बघितला होतास का?"

"न्हाय." तिनं मान खाली घातली. "तुमचा कसा ओढून बघणार?"

"आता ओढ."

रेश्मानं स्लीव्हवर बोट ठेवलं आणि झटकन काढलं. "गरम हाय!" मग बॅटरी सोडवून तिनं थिंबल पट्टीवरून मोकळी केली, एका हातात थिंबल धरली, दुसऱ्यात वायर, आणि ओढली. फार जोर लागला नाही. स्लीव्ह फाटली आणि काळपटलेल्या तारांचं टोक तिच्या हातात आलं.

बाकीची मुलं टेबलाभोवती गोळा झाली.

"मॅडम, तुमी?" दिग्विजय त्या टोकाकडं बघत म्हणाला.

मॅडमनी पदराखालून हात काढला आणि टेबलावर ठेवला. टेबलाच्या पत्र्यावर बोटांचा बारीक आवाज व्हायला लागला. त्यांनी तो होऊ दिला.

"काल मला तारा बाहेर राहिलेल्या दिसल्या होत्या. मी झाकल्या. दोन्ही सामने माझ्यामुळं गेले, रेश्मामुळं न्हाईत. आणि मघाशी तिला तुम्ही बोलत होता, तेव्हाही मला माहीत होतं." त्यांनी डाव्या हातानं टूल रेश्माकडं सरकवलं. "मला जे काय म्हणायचं ते नंतर म्हणा. आधी जोड करून घ्या."

रेश्मानं जळकं टोक कापलं. वायर आखूड पडली. बॅटरीची चौकट सोडून बॅटरी पुढं सरकवावी लागली. दिग्विजय न सांगता स्क्रू खोलायला बसला. मॅडम हात मागं बांधून उभ्या होत्या आणि नुसतं बोलत होत्या. "तारा पिरगाळू नकोस. सगळ्या आत गेल्या का बघ. आता दाब. अजून. टूल आपणहून सुटेपर्यंत सोडायचं न्हाय." रेश्माच्या हाताच्या शिरा फुगल्या. टूल सुटलं. तिनं जोड ओढून बघितला, मग दिग्विजयपुढं धरला. त्यानंही ओढला.

"पक्का हाय," तो म्हणाला. आणि मग खाली बघत, "मघाशी मी लई बोललो गं."

 रेश्मा बॅटरी जोडत राहिली.

तिसऱ्या सामन्यात रोबोट एकदाही थांबला नाही. हिरवा दिवा शेवटच्या शिट्टीपर्यंत लागलेला राहिला. पण समोरचा संघ चांगला होता, त्यांच्या रोबोटचा हात जास्त वेगानं चालत होता. एका चेंडूनं हरले. मुलांनी रोबोट उचलून खोक्यात ठेवला. दिग्विजय खोक्याला टेकून खाली बसला आणि तोंडावर रुमाल धरून रडला. त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं मॅडमना वाटलं. कुठला हात ठेवावा हे ठरेना, आणि तेवढ्यात ते राहून गेलं.

परतीच्या गाडीत रेश्मा त्यांच्या शेजारी बसली. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "पुढच्या वर्षी तुमी असणार ना मॅडम?"

"सांगायला असेन, ठेवलं तर. करायचं तू."

"मला सगळं कुठं येतंय?"

मॅडम बाहेर बघत राहिल्या. रस्त्याकडंच्या उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक मागं पडत होत्या.

बारामतीच्या स्टँडवर हिंदुराव मोटरसायकल घेऊन आले होते. "काय झालं? जिंकली का पोरं?"

"न्हाय."

"असू दे. बस."

त्या मागं बसल्या. एरवी त्या सीटमागची कडी धरायच्या. आज कडीवर बोटं ठरेनात, म्हणून त्यांनी उजवा हात नवऱ्याच्या खांद्यावर ठेवला. गाव मागं पडलं, रस्ता मोकळा झाला.  मग हिंदुरावांनी मान जरा वळवली.

"गाडी लई थरथरतीय का गं आज?"

 कालव्याच्या पुलाअलीकडं हिंदुरावांनी गाडी कडेला घेतली, पाय टेकवले, वाकून इंजिनाकडं बघितलं आणि चावी फिरवली. इंजिन बंद पडलं. कालव्यातल्या पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला.

हिंदुराव उतरायला गेले आणि तसेच थांबले. खांद्यावरची थरथर थांबली नव्हती. त्यांनी मागं वळून बघितलं नाही. सावकाश आपला हात वर नेला आणि तिच्या हातावर ठेवला.