आखूड बाही

शिंप्याच्या बायकोची वाचा गेली, तेव्हा सगळ्या गल्लीला चुकल्याचुकल्यासारखं झालं. नवऱ्याचं वाक्य मध्येच उसवायचं आणि नीट शिवून परत द्यायचं, हे काम ती लग्न झाल्यापासून बिनबोभाट करत आली होती. तो म्हणाला, पाहुणे मंगळवारी आले, की आतून आवाज यायचा, "बुधवारी. आणि पाहुणे नव्हते, घरमालक होते."

अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि तोंडातून शब्द फुटेना. हात हळूहळू सुधारला, शब्द मात्र रुसून बसला. समजत सगळं होतं. राग तर पूर्वीपेक्षा जास्त येई. डॉक्टर म्हणाले, यायचं ते पहिल्या काही महिन्यांत येतं, आता फार आशा धरू नका. शिंप्याने मान हलवली आणि घरी येऊन पुन्हा आशा धरून बसला.

त्याचा हिशेब सरळ होता. चूक कानावर पडली आणि बायको गप्प बसली, असं कधी झालं नव्हतं. तिला बोलतं करायचं तर धडधडीत खोटं बोलायला हवं. म्हणून त्याने तिची खुर्ची दुकानात, मशीनशेजारी आणून ठेवली आणि थापांचा कारखाना काढला. एका गिऱ्हाइकाला सांगितलं, मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ही सायकलवरून पडली. दुसऱ्याला सांगितलं, मी इतका देखणा होतो की हिच्या घरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. खुर्चीत ती लालबुंद व्हायची, ओठ थरथरायचे. तो कात्री खाली ठेवून कान टवकारायचा. शब्द काही यायचा नाही. मग उद्या याहून मोठी मारू, असं स्वतःला बजावून तो टीप घालायला बसायचा.

एका दुपारी लेक आली ती पुठ्ठ्यावरची चित्रं घेऊन. पाण्याचा पेला, पलंग, औषधाची बाटली. आईने बोट ठेवायचं, आपण समजून घ्यायचं.

"बाबा, आता हेच शिकवू या तिला," ती हळूच म्हणाली. "तुम्ही तरी किती दिवस थापा मारणार?"

शिंप्याने पेल्याच्या चित्राकडे पाहिलं. अशा बोलक्या बाईने उरलेलं आयुष्य पेल्यावर बोट ठेवून काढायचं? पण लेकीचं चुकत नव्हतं, आणि थापाही संपत आल्या होत्या. तुम्ही खरंच कसे भेटलात, असं लेकीने विचारलं तेव्हा नवं काही रचायचं त्याच्या जिवावर आलं. त्याने खरं तेच सांगून टाकलं.

लेकीच्या आईने, लग्नाआधी, स्वतःच्या वडिलांचा कोट त्याच्याकडे शिवायला टाकला होता. तो तेव्हा नवशिका. कोट घेऊन गेली आणि दुसऱ्याच दिवशी तणतणत परत आली. डावी बाही चांगली बोटभर आखूड. त्याने माफी मागितली, तिच्यासमोर बाही उसवून दुरुस्त केली. भांडणातून ओळख झाली, ओळखीतून संसार.

"चूक माझीच होती," तो म्हणाला. "पण त्या चुकीने माझं घर वसवलं."

"खो..." खुर्चीतून आवाज आला. दोघं वळली. तिच्या कपाळावर घाम फुटला होता. "खोटं."

लेकीच्या हातातली चित्रं खाली पडली. शिंपी मात्र गोंधळला. एवढ्या थापा पचवलेल्या बाईने नेमकं खऱ्यालाच खोटं ठरवलं होतं. रडावं की वाद घालावा कळेना, तेव्हा त्याने सवयीने वाद घातला.

"अगं, यात खोटं काय? बाही आखूड नव्हती?"

तिने डोळे मिटले आणि एकेक शब्द ओढून काढला. "बाही... मी... दुमडली."

म्हणजे घरी नेऊन, आतून टाके घालून, स्वतःच्या हाताने. पुन्हा दुकानात यायला काहीतरी कारण हवं होतं. परके टाके त्याला तेव्हा ओळखू आले नाहीत, कारण त्याचं लक्ष बाहीकडे नव्हतंच.

शिंपी मटकन स्टुलावर बसला. त्या एका बाहीच्या धसक्याने त्याने आयुष्यभर प्रत्येक बाही पुन्हापुन्हा मोजली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसू काही आवरत नव्हतं.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

तिने तोंड उघडलं आणि शब्द शोधू लागली. त्याने दुकानाचं दार लोटून घेतलं आणि स्टूल तिच्याजवळ ओढलं. उत्तराला वेळ लागणार होता.