चौदा पुढे, चव्वेचाळीस मागे

मनुष्यजातीची सारी प्रगती म्हणजे चढावर मिळवलेला विजय होय. हे वाक्य मी आमच्या गल्लीच्या चढावर, अर्ध्या वाटेत दम तोडलेल्या मोटरसायकलवर बसून उच्चारलं. ऐकायला फक्त इस्त्रीवाला होता. बायको मागच्या सीटवरून उतरून, गुडघ्यावर हात ठेवत पुढे चालायला लागली होती. इस्त्रीवाला म्हणाला, ते खरंच आहे, पण गाडी जरा पलीकडे घ्या, गिऱ्हाईक येतंय.

मोटरसायकल चौतीस वर्षांची आहे. आमच्या लग्नाहून दोन वर्षांनी लहान. दोन्हींबद्दल लोक एकच प्रश्न विचारतात, ‘अजून चालतंय का?’ मी एकटा असलो की ती चढ चढते. दोघं बसलो की इस्त्रीवाल्याच्या दुकानासमोर थांबते. तो इतक्या वर्षांत याला थांबा समजायला लागलाय.

त्या दिवशी घरी पोचल्यावर बायकोने निकाल दिला. तिच्या भावाचं हॉटेल आहे आणि त्याला दारात शोभेला जुनी मोटरसायकल हवी होती. टाकीवर एक आणि सीटवर एक अशा दोन कुंड्या ठेवायचं त्याच्या मनात होतं. रविवारी तो टेम्पो घेऊन येणार होता.

“रविवारपर्यंत ही मला बसल्या जागी दारात आणून सोडत असेल, तर राहू दे,” बायको म्हणाली. “नाहीतर माझे गुडघे सुटतील आणि तिलाही फुलं बघायला मिळतील.”

मी गाडी मेकॅनिककडे नेली. तो इतकं कमी बोलतो की सगळे त्याला मौनीबाबा म्हणतात. त्याने चेनचं झाकण काढलं आणि मला नुसतं दाखवलं. इंजिनाकडचं लहान स्प्रॉकेट आणि मागच्या चाकावरचं मोठं, दोन्हींचे दाते वाऱ्याने झुकलेल्या गवतासारखे एका बाजूला कलले होते. चेनही सैल झाली होती. सगळंच नवं घालावं लागणार होतं. कंपनीने मुळात पुढे पंधरा दाते दिलेले आणि मागे बेचाळीस. मौनीबाबाने पत्र्याच्या डब्यातून पुढची तीन स्प्रॉकेटं काढली, चौदाचं, पंधराचं आणि सोळाचं, आणि चौदाचं माझ्यापुढे धरलं.

मी सोळाचं उचललं. दाते जास्त तर चावा जास्त, हे सांगायला मेकॅनिक कशाला हवा? माझे स्वतःचे एकोणीसच उरलेत, त्यामुळे या विषयात मला थोडा अधिकार आहे असं मी धरून चालतो. मौनीबाबाने तोंड उघडलं. मी हात वर करून त्याला दिलासा दिला की बोलायची गरज नाही, मला कळलंय. त्याने तोंड मिटलं आणि सोळाचं बसवलं. मागे बेचाळीसच ठेवलं, आणि नवी चेन घातली.

सपाट रस्त्यावर गाडी अशी पळाली की मी एका टेम्पोला मागे टाकलं. तो उभा होता, पण आम्ही जात होतो जोरात.

शनिवारी सकाळी बायकोला मागे बसवून मी चढाला लागलो. गाडी इस्त्रीवाल्यापर्यंतही पोचली नाही. तोच बिचारा दुकानातून खाली चालत आला आणि काळजीने म्हणाला, “काका, आज अलीकडेच?”

बायको उतरली. चालायला लागायच्या ऐवजी तिने वाकून चेनकडे पाहिलं आणि विचारलं, “पुढे किती दाते लावलेत?”

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मला माहीत होती, फक्त वेळेवर आठवली नाही. बायकोने अठ्ठावीस वर्षं सूतगिरणीत काढली. धागा जाड हवा की बारीक, त्याप्रमाणे यंत्रातलं दातेरी चक्र बदलावं लागतं. कोणतं काढायचं आणि किती दात्यांचं घालायचं, हे ती ठरवायची. चुकलं तर आख्ख्या पाळीचं सूत वाया. तिच्या पाळीत एकदाही गेलं नाही.

मी आकडा सांगितला. ती चढाला पाठ करून मेकॅनिककडे निघाली. मी मागून गाडी ढकलत.

गॅरेजात तिने आधी माझं जुनं स्प्रॉकेट मागून घेतलं, एका दात्यावर खडूची खूण केली आणि मग मोजलं, पंधरा. चक्राला सुरुवात नसते, त्यामुळे खूण न करता मोजणारा हमखास एक जास्त मोजतो, असं ती मौनीबाबाला म्हणाली. तो मान डोलवत ऐकत होता. माझ्यासमोर त्याने मान कधी डोलवली नव्हती.

“पुढचं चक्र एकदा फिरलं की सोळा दात्यांइतकी चेन ओढतं,” ती मला म्हणाली. “चौदाचं असेल तर चौदाइतकीच. फेरीला कमी ओढायचं म्हणजे जोर जास्त. आणि मागचं मोठं केलं की आणखी.”

“पण वेग?”

“ऐंशीवरून सत्तरवर येईल. तुम्हाला कोणाला गाठायचंय?”

मी एखादं नाव आठवून पाहिलं. आलं नाही.

मौनीबाबाने शर्टाच्या खिशातून चौदाचं स्प्रॉकेट काढलं. ते त्याने पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवलेलं असावं. मागे चव्वेचाळीसचं घाला, असं बायको म्हणाल्यावर मात्र तो बोलला. “चेन अपुरी पडेल,” एवढंच.

बायकोने खडूने फरशीवर लिहिलं. सोळा आणि बेचाळीस, अठ्ठावन्न. चौदा आणि चव्वेचाळीस, अठ्ठावन्न.

“बेरीज तीच आहे. हीच चेन बसेल,” ती म्हणाली.

बसली. चाक खाचेत केसभर सरकवलं, तेवढंच. मौनीबाबा चेन बोटाने वरखाली करून बघत राहिला. मग त्याने आमच्या अकरा वर्षांच्या ओळखीतलं सर्वांत लांब वाक्य उच्चारलं. “काकू, शनिवारचं गॅरेजात येत जाल का?”

रविवारी मेहुणा टेम्पो आमच्या दाराशी लावून तयार होता. दोरखंड आणले होते, कुंड्याही. आम्ही दोघं खाली पायथ्याशी गेलो. बायको मागे बसली, पर्स मांडीवर, पाठ ताठ. मी पहिला गिअर टाकला.

गाडी कुरकुरली नाही. इस्त्रीवाल्याने गरम इस्त्री हवेत धरून आम्हाला जाताना पाहिलं आणि कोणाचा तरी सदरा जळता जळता वाचला. गॅलऱ्यांतून माणसं डोकावली. आमच्या बाजूने एक म्हातारे गृहस्थ पायी चढत होते, ते थोडा वेळ आमच्या पुढे होते, हे मी लपवत नाही. पण गाडी थांबली नाही. गिरणीतलं चक्र निवडणारी बाई माझ्या मागे बसली आहे, हे सगळ्या गल्लीला नीट दिसावं म्हणून मी सावकाश चालवली, असं मी नंतर सर्वांना सांगितलं. गाडी त्याहून जोरात जात नव्हती, ही गोष्ट वेगळी. छाती मात्र माझीच फुगली होती, आणि हँडल धरलेलं असल्यामुळे ती कुठे लपवताही येईना.

दाराशी आम्ही थांबलो. मेहुणा गाडीकडे, मग बहिणीकडे आणि मग हातातल्या कुंडीकडे बघत राहिला. “दाजी,” तो म्हणाला, “या कुंड्यांचं मी काय करू?”

मी म्हटलं, टेम्पोवर ठेव, शोभून दिसतील.

बायको अजून उतरली नव्हती. सीटवर शांत बसून ती चढाकडे, आम्ही आलो त्या वाटेकडे बघत होती. मलाही भरून आलं. मी घसा खाकरला, काहीतरी बोलावं असा तो क्षण होता.

“अहो,” ती म्हणाली, “परत खाली घ्या ना जरा. मी पायी यायचे तेव्हा येता येता वाण्याकडून घ्यायचे, आज राहूनच गेलं. मीठ संपलंय.”