एका पाटावर दोघं

आसगावच्या गोदावरीबाईला कोणी सांगावं आणि तिनं मुकाट्यानं ऐकावं, असं कधी झालंच नव्हतं. बहात्तर साली दत्तकाची वेळ आली तेव्हा भटजी सांगून सांगून थकले. एकाला मांडीवर घे बाई, दुसऱ्याला हवं तर नुसतं सांभाळ. दोन पोरगे एकाच वेळी दत्तक घेतलेले कोणी पाहिले आहेत का? हिनं पाहिले नव्हते, पण त्यानं हिचं काही अडत नव्हतं.

तिची कूस उजवली नव्हती, आणि सगळे उपास-नवस करून झाले होते. मग देवानं द्यायला घेतलं ते एकदम दोन्ही हातांनी. तिचा नवरा कृष्णराव. त्याचा सानगडीचा चुलतभाऊ देवाजी. त्याची बायको दुसऱ्या बाळंतपणात गेली, तेव्हा तो आपला चार वर्षांचा ईश्वर घेऊन दारात उभा राहिला. त्याच पावसाळ्यात भाताच्या रोवणीला येणारी, मासे धरणाऱ्या ढिवराची म्हातारी सखाबाई आपला नातू बांधीच्या धुऱ्यावर, खाचराच्या कडेला, बसवून ठेवायची. त्याचा बाप तलावात बुडाला होता, माय तापानं गेली होती. हा फकिरा, ईश्वरच्याच वयाचा. एक दिवस गोदावरीबाईनं चिखलाच्या हातानं त्याला उचललं आणि सरळ घरी आणलं. जातीचं काय, म्हणून गावानं विचारलं. कृष्णरावनं बायकोकडे पाहिलं आणि तोंडाला कुलूप लावलं. नवरा असावा तर असा, गरीब गाय.

आता मांडीवर घेताना पहिला कोण बसणार? जो आधी बसेल तो थोरला, मागचा धाकटा, आणि धाकट्याच्या नशिबी जन्मभर थोरल्याचे उतरलेले कपडे. हे तिनं स्वतः सोसलं होतं. म्हणून ती पाटावर ऐसपैस बसली आणि भरल्या मांडवात दोघांनाही एकदम ओढून घेतलं, एक डाव्या मांडीवर, एक उजव्या. दोघांच्या तोंडात साखर घातली. भटजींनी कपाळावर हात मारून घेतला आणि मंत्र म्हटले.

आठ वर्षं बरी गेली. एका ताटात जेवले, एका घोंगडीत झोपले, एकमेकांची डोकी फोडली. फकिरा पाण्यातला, ईश्वर पाटीवरचा. कोणी एकट्या ईश्वरला खाऊ दिला तर गोदावरीबाई तो परत पाठवायची. एवढी ती कडक.

मग ऐंशी साली देवाजीला पोराची आठवण आली. दुसऱ्या बायकोला मुलीच झाल्या होत्या. त्याला आता आपला ईश्वर हवा होता. गोदावरीबाईनं त्याला जे ऐकवलं ते ऐकून शेजारच्यांनी दारं लावून घेतली. तेव्हा तो भंडाऱ्याच्या कोर्टात गेला. त्याचं म्हणणं एवढंच, की कायद्यानं एक मुलगा असताना दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही. हिनं दोघांना एकदम घेतलं, म्हणजे ते दत्तक झालंच नाही. पोरगा माझा.

 ज्याचा गोदावरीबाईनं आठ वर्षं तोरा मिरवला, तेच मुळावर आलं होतं. भटजी तर कधीच वर गेले होते, नाही तर ते म्हणाले असते, सांगितलं होतं.

तिच्या वकिलानं तोड काढली. मांडीवर फक्त ईश्वर बसला होता, असं सांगायचं. दुसरा पोरगा दत्तक नव्हताच. शाळेत दोघांच्या नावापुढे कृष्णरावचंच नाव आहे, त्याचं मी पाहून घेतो, म्हणाला. इकडे आड, तिकडे विहीर. फकिराला आपला म्हटलं तर ईश्वर जातो. ईश्वर ठेवायचा तर फकिराला नाही म्हणायचं. दोन दिवस तिला अन्न गेलं नाही. मग तिनं ठरवलं. कोर्टात बोललेलं कोर्टात राहतं, घर घराच्या ठिकाणी. देवाजीवर गाव चिडलेलंच होतं; तेही खोटं बोलायला तयार झालं.

तिनं फकिराला जवळ बसवून सगळं सांगितलं. "तिथं म्या काही बी म्हटलं तरी मनाले लावून घेऊ नको. तुह्या भावासाठी आहे."

फकिरा बारा वर्षांचा. त्यानं मान हलवली. ईश्वर जाणार नाही ना, एवढंच त्यानं विचारलं.

तारखेला सगळे एसटीनं भंडाऱ्याला गेले. फकिराला घरी ठेवायचं होतं, पण ईश्वर त्याचा हात सोडेना. दोघं मागच्या बाकावर बसले. गोदावरीबाईनं शपथ घेतली आणि पढवलेलं सगळं धडाधड सांगितलं. मांडीवर कोण? ईश्वर. आणखी कोणी? कोणी नाही. तिचा वकील खूश होऊन मान डोलवत होता.

मग देवाजीचा वकील उठला. त्यानं मागच्या बाकाकडे बोट केलं. हा दुसरा मुलगा तुमच्या घरात कोण म्हणून राहतो? हा प्रश्न कोणी पढवलेला नव्हता.

"ढोरं राखाले ठेवला आहे," ती म्हणाली.

पुढच्या तारखेला निकाल लागला. ईश्वर तिचा. कृष्णरावनं पेढे आणले, गावात वाटले. देवाजी मान खाली घालून सानगडीला गेला. ईश्वर अंगणात नाचत होता, फकिराही नाचला. पेढेही त्यानं दोन खाल्ले. बघा, पोरगं शहाणं आहे, असं गोदावरीबाईनं मनाशी म्हटलं आणि तिला हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेण काढायला गोठ्यात गेली, तर फकिरानं ढोरं सोडायला घेतली होती. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. शाळेची वेळ होत आली होती.

"तू कायले चालला? ढोरं न्याले आपला ढोरकी येऊन राहिला ना," ती म्हणाली.

"जातो म्या."

"फकिरा, राग आला का तुले? म्या आधीच सांगितलं होतं ना, बाप्पा. ते खोटं होतं."

"राग नाही आला, माय." तो गाईच्या गळ्यातलं दावं सोडवत होता. तिच्याकडे त्यानं पाहिलं नाही. "बाकीचं तुले वकिलानं शिकवलं होतं, मले माहीत होतं. पण ते ढोरं राखाचं तुले कोणी शिकवलं नव्हतं. मले वाटलं, तिथं तू थोडी तरी थांबशील."

 खरंच गोदावरीबाई थांबली नव्हती. कोर्टातला तो शब्द तिला शोधावा लागला नव्हता, तिच्या तोंडात तो होताच. किती वर्षांपासून होता, ते तिलाही माहीत नव्हतं. आतून ईश्वर हाक मारत होता, माय, फकिराचं दप्तर कुठं आहे म्हणून.  फकिरानं ढोरं तलावाच्या वाटेनं हाकलली.