बर्फ नसलेलं सगळं

दुपारी बारा वाजता वैजयंती घारपुरेने रडारची गाळणी घट्ट केली आणि खिडकीसमोरचा देवदार नाहीसा झाला. कोणी तोडला नाही, उन्मळून पडला नाही. तो होता तिथे आता बर्फ पडत होता.

हिमवादळाचा तिसरा दिवस होता. डोंगरमाथ्यावरच्या त्या केंद्रात माणसं दोनच: वैजयंती आणि तिचे मदतनीस देवीदासकाका, मूळचे वर्ध्याचे. रडार वादळात एक लहर आडवी सोडायचं, एक उभी. परत आलेल्या लहरींतल्या फरकावरून पडणारा कण चपटा आहे की गोल, ते कळायचं. पक्षी, झाडं, तारा, असं बर्फ नसलेलं जे काही असेल ते गाळणी नकाशातून काढून टाकायची. वैजयंतीला नकाशा निवडलेल्या तांदळासारखा लागे. एक खडा दिसला तरी तिला चैन पडत नसे.

रडारचा शब्द खरा की खोटा, ते काका तपासत. दर तासाला ऐंशी पायऱ्या चढून ते वरच्या चौथऱ्यावर जात, काळी मखमल लावलेली फळी बर्फाखाली धरत आणि भिंगातून कण पाहून वॉकीटॉकीवर त्यांचे आकार सांगत. मखमलीवर वाकताना श्वास रोखायचा, हा त्यांचा दंडक. "एक उसासा टाकला का झालं त्याचं पाणी," ते म्हणत. सहा वर्षांत त्यांनी हे इतक्यांदा ऐकवलं होतं की वैजयंती कधीकधी पोह्यांच्या बशीवरही श्वास रोखे.

देवदारामागोमाग विजेचा खांब गेला. मग कठडा गेला. नकाशा कसा स्वच्छ दिसत होता! वैजयंतीने खुशीत येऊन गाळणी आणखी एक घर घट्ट केली आणि मगच तिचं घड्याळाकडे लक्ष गेलं. बाराची फेरी. काका बाहेर होते.

"मॅडम, माहे पाय दिसून नाही राहिले जी," वॉकीटॉकीवर काका म्हणाले.

"थंडीने बधिर झाले असतील, काका."

"बधिर नाही. नाहीतच."

ती गाळणी सैल करू लागली, पण ती सैल होईना. पडद्यावर प्रश्न आला: परत काय हवं? तिने काकांचं नाव लिहिलं. यंत्राने ते घेतलं नाही. बिनसाखरेचा चहा, फाल्गुनात ठरलेलं लेकीचं लग्न, भांडी घासताना शीळ घालायची सवय, यातलं काहीच त्याने घेतलं नाही. त्याला दोनच मापं हवी होती, आडवं आणि उभं. बर्फाचे हजारो कण तिने केसाच्या जाडीपर्यंत मोजले होते, आणि सहा वर्षं समोर बसून जेवणाऱ्या माणसाची उंची तिला ठाऊक नव्हती. तिला स्वतःची भयंकर चीड आली.

"काका, तुमची उंची किती?"

"कोनं मोजली जी कधी?" आवाज पातळ झाला होता. "छातीपर्यंत गेलो. घाई करा. पोरीले फोन करतो म्हणलं होतं."

टेबलापलीकडची काकांची खुर्ची गेली. त्यांचा कप गेला. खुंटीवर स्वेटर होता, त्याची एक बाही गेलेली होती. उरलेल्या खांद्यांची रुंदी वैजयंतीने पट्टीने घाईघाईने मोजली. दाराच्या चौकटीवर तेलाचा डाग होता. वाकायचं विसरले की काकांचं डोकं तिथेच आपटायचं. तिने जमिनीपासून डागापर्यंत मोजलं आणि दोन्ही आकडे भरले.

पडद्यावर चौथऱ्याच्या बरोबर वर एक ठिपका उमटला. तो खाली येत होता. बाजूला लिहून आलं: बर्फ, कोरडा, एक कण.

दाराबाहेर गारठत ठेवलेली दुसरी फळी उचलून वैजयंती धावत सुटली. चौथऱ्यावर कोणी नव्हतं. तिने मखमल वर धरली. आजूबाजूचा बर्फ फळीला वळसा घालून पडत राहिला. मग एकच कण सावकाश उतरला आणि मखमलीच्या मधोमध टेकला. तो वरच्या टोकाला जरासा वाकलेला होता, ठेंगण्या दारातून आत येणाऱ्या माणसासारखा.

"आलो जी, मॅडम," तिच्या खिशातल्या वॉकीटॉकीतून आवाज आला. "आता श्वास रोखून धरा."

ऐंशी पायऱ्या ती एका दमात चढून आली होती.