दुसऱ्याच्या वतीनं

सुनेनं खडू मधोमध मोडला आणि अर्धा तुकडा शाई ओतलेल्या झाकणात उभा केला. निळी शाई खडूतून वर चढू लागली, तशी समोर बसलेल्या निवड समितीतली दोन माणसं पुढे वाकली.

आत जाताना तिनं सासूबाईंना कॉलेजच्या फाटकाजवळच्या सावलीत बसवलं होतं. पण सांगितल्या जागी बसून राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. झोपलेल्या नातीला खांद्यावर टाकून त्या व्हरांड्यात, वर्गाच्या उघड्या खिडकीखालच्या बाकावर येऊन बसल्या होत्या. घरी दूध उतू गेलं तरी पुस्तकातून डोकं वर न काढणारी ही बाई फळ्यापुढे अगदी लखलखत होती. भिंतीत ओल का चढते, झाडाच्या शेंड्याला पाणी कसं पोचतं, असं ती सांगत गेली. विषय विद्यापीठाचा, तरी सासूबाईंना निम्माअधिक कळला. याचं श्रेय त्यांनी आधी स्वतःला दिलं, मग नाइलाजानं सुनेला.

"तुमची कोण?" शिपायानं हळूच विचारलं.

"सून. आत माना डोलावताहेत ना, त्यांना शिकवतेय."

व्याख्यान संपलं. प्रश्नांची उत्तरंही ती न अडखळता देत गेली. मग अध्यक्षांनी चष्मा काढला.

"विषय उत्तम मांडलात. पण प्रयोगशाळा संध्याकाळपर्यंत चालते. तुमचे मिस्टर जहाजावर, मुलगी लहान. गाव सोडून इथं राहायचं, तर तिला सांभाळणार कोण?"

सासूबाई सावरून बसल्या. आता आपलं नाव निघणार. आयुष्यभर हेच झालं होतं. सासऱ्यांनी, दिरांनी, पोटच्या मुलानंसुद्धा 'आमच्याकडे ही आहे ना' म्हणत त्यांचे दोन हात परस्पर कबूल करून टाकले होते. आपलं घर सोडून कुठंही जाणार नाही, असं त्यांनी चारचौघांत बजावलं होतं, ते सुनेला ठाऊक होतं. पण इथं तिला खोटं कोण पाडणार होतं? नोकरी तेवढ्या एका होकारावर अडली होती.

"सासूबाई आहेत," सून म्हणाली. "पण इथं येऊन राहाल का, असं मी त्यांना विचारलेलं नाही. त्यांच्या वतीनं शब्द देता येणार नाही, सर."

"म्हणजे सोय नाही."

"आज नाही. मी करीन काहीतरी. पण त्यांना गृहीत धरून नाही."

अध्यक्षांनी कागदावर काही लिहिलं.

"वेडी कुठली," सासूबाई पुटपुटल्या. नातीच्या पाठीवरून त्यांचा हात कितीतरी वेळ फिरत राहिला. आत सून शाईनं माखलेली बोटं रुमालाला पुशीत होती. मान मात्र ताठ. अशी मान त्यांनी आजवर फक्त स्वतःच्या आरशात पाहिली होती.

ती बाहेर यायच्या आत त्या उठल्या.

"अहो," त्यांनी शिपायाला गाठलं, "इथं जवळपास भाड्यानं घर मिळतं का?"

"मिळतं की. पण आजी, निकाल लागायचाय अजून."

"त्यांचा लागेल तेव्हा लागेल. जिने नकोत हं, माझे गुडघे दुखतात. आम्ही तिघी आहोत."