सांध्यावरची चौकट

मी एक जुनी चौकट आहे. दाराखिडकीची नव्हे, मित्रांनो. मी पोलादाची आहे, बैठकीच्या खोलीएवढी लांब-रुंद आहे, आणि विमानाचा पंख जोडायचा असला की त्याचे सुटे भाग माझ्यात अडकवतात. मी जशी उभी, तसा पंख. मी सरळ असले तर पंख सरळ निघतो. मी पिळले तर तोही पिळतो, आणि बाहेर काढून रंग दिला की पाहणाऱ्याला काही कळत नाही. कळतं ते वर, हवेत गेल्यावर.

माझा जन्म सरकारी कार्यशाळेत झाला. मला जोडणारे कारागीर भारी भांडखोर होते. चहाच्या वेळेवरून भांडत, पंख्याखालच्या जागेवरून भांडत. पण माझ्या कोपऱ्यांना हात लावताना सगळे गप्प होत. देशाने आपलं विमान आपणच बनवायचं, असं तेव्हा ठरलं होतं. माझ्यातून पहिला पंख निघाला त्या दिवशी एक मोठे साहेब आले, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि त्यांनी फोटो काढून घेतला. त्या फोटोत माझा एक पाय दिसतो. कौतुकाच्या खात्यात माझी जमा एवढीच आहे.

खर्चाची बाजू मात्र भरगच्च आहे. विमानांची मागणी आटली, कार्यशाळा ओस पडली आणि माझ्या अंगावर सायकली टेकू लागल्या. पंख पेलणाऱ्या माझ्या खुंट्यांना जेवणाचे डबे लटकले, ओले रुमाल वाळले. मला भंगारात काढायचा कागदही तयार झाला होता. पण सही करणाऱ्या साहेबांची बदली झाली आणि मी वाचले. बदलीने कुणाचं भलं झाल्याचं मी पाहिलेलं हे एकच उदाहरण.

मग भागीदारी आली. सरकारजवळ जागा होती, अनुभव होता आणि मी होते. कंपनीजवळ पैसा होता, घाई होती आणि विमानांची रंगीत चित्रं होती. दोघांनी मिळून नवं विमान बनवायचं, असं ठरलं. एखादं लग्न जमावं तशी बोलणी झाली. देणंघेणं ठरलं, मानपान ठरले, रुसवेफुगवे झाले. सरकारची जुनी शेड पुरेना, म्हणून कंपनीने तिला लागून नवी बांधली आणि मधली भिंत पाडली. छप्पर एक दिसू लागलं. जमीन मात्र दोन तऱ्हांचीच राहिली. एका बाजूला सरकारची, वर्षानुवर्षं ठोकून बसलेली. दुसऱ्या बाजूला कंपनीची, उद्घाटनाची तारीख गाठण्यासाठी घाईने ओतलेली. मधे बोटभर सांधा आणि त्यात काळं रबर.

मला कुठे उभी करायची? चौकट दोघांच्या सामाईक मालकीची, असं करारात होतं. म्हणून माझे दोन पाय सरकारच्या जमिनीवर टेकले, दोन कंपनीच्या. दोन्हीकडच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पायाखालची जमीन दोन वेगळ्या स्वभावांची आहे, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

मला तपासणारी माणसंही दोन होती. सरकारतर्फे मामा, पाठीमागे हात बांधून चालणारे, कधीही न धावलेले. कंपनीतर्फे त्यांचीच सख्खी भाची. तिला शिकवलं मामांनी, आणि ती नोकरीला लागली ती समोरच्या गोटात. त्यामुळे सकाळची सुरुवात टोमण्यांनी होई.

"काय पोरी, तुमच्या बाजूला पंखे मोठे दिसतात."

"तुमच्या बाजूला झोप मोठी आहे, मामा. फिटंफाट."

मग दोघंही माझ्या आपापल्या बाजूच्या पायांपाशी पाणसळ, म्हणजे पातळी दाखवणारी पाण्याची नळी, ठेवत. बुडबुडा नियमाच्या दोन रेघांत आहे ना, एवढं पाहायचं आणि आपल्या बाजूचा शिक्का मारायचा. मामा तिच्या बाजूला वाकून पाहत नसत. पोरीला अपमान वाटेल. ती मामांच्या बाजूला पाहत नसे. त्यांना अपमान वाटेल. सांध्याच्या रबरावर कुणी पायही देत नसे. एवढा एकमेकांचा मान राखणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत, आणि मला भीती वाटली ती त्याच मानाची.

कारण जमीन बसू लागली होती. सरकारची बाजू केसभर पुढे झुकली. कंपनीची केसभर मागे. दोन्ही केस नियमात बसत होते. मामांचा शिक्का खरा होता, भाचीचाही खरा होता. पण एक जमीन मला पुढे ओढत होती आणि एक मागे, आणि मधे मी ओल्या कपड्यासारखी पिळली जात होते. मला तोंड नाही. माझ्यात पंख जोडले जात राहिले. शेवटच्या भोकात बोल्ट जाईना, तेव्हा फिटर म्हणाला, "नवीन आहे, जरा अडतंय," आणि त्याने तो हातोडीने बसवला.

भाचीचा नवरा वैमानिक होता. नवं विमान पहिल्यांदा उडवायचं काम त्याच्याकडे होतं. मामा त्याला कौतुकाने जावईबापू म्हणत. विमान पहिल्यांदा हळूच एक फेरी मारून उतरलं, तसा तो शेडमध्ये आला आणि हातमोजे काढता काढता म्हणाला, "मामा, हात सैल सोडला की हे उजवीकडे कलतं."

"जावईबापू, घरीसुद्धा तुम्ही एकाच बाजूला कलता. विमानाला कशाला दोष?"

तो हसला. भाची हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिची नजर माझ्या पायांवर न थांबता मधोमध आली.

"मामा, तारा ताणून बघू या," ती म्हणाली.

जुन्या कार्यशाळेत हे काम नेहमीचं होतं. समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन तारा तिरप्या ताणायच्या. मधे त्या एकमेकींना नुसत्या टेकल्या तर चौकट सरळ. त्यांच्यात फट राहिली तर चौकट पिळलेली. नव्या करारात ही तपासणी राहून गेली होती, कारण तिरपी तार कुणा एकाच्या अर्ध्यात बसत नाही.

मामांचा चेहरा उतरला. "माझ्या बाजूवर शंका आहे का तुझी?"

"तुमच्या नाही. माझ्याही नाही."

"मग कोणाच्या?"

तिने रबराच्या पट्टीकडे बोट दाखवलं. मामांनी तिकडे पाहिलं. मग त्यांनी तारेचं एक टोक धरलं. तारा ताणल्या. मधल्या फटीतून भाचीने आपल्या गळ्यातलं ओळखपत्र घातलं. ते सरकन आरपार गेलं.

दोघांनी मिळून दोन्ही कार्यालयांना कळवलं की विमान थांबवा. उत्तरं लवकर आली. सरकार म्हणालं, आमची बाजू नियमात आहे. कंपनी म्हणाली, आमचीही आहे. तिरपं माप करारात नाही आणि ते परवानगीशिवाय घेतलेलं आहे. त्याचा विचार संयुक्त बैठकीत, समारंभानंतर होईल. समारंभाला दोन्हीकडचे मोठे लोक येणार होते. विमानाने त्यांच्यापुढे जोरात जाऊन तीव्र वळणं घेऊन दाखवायची होती.

भाचीने शिक्का द्यायला नकार दिला. मामांनीही. तेव्हा एक साहेब हसत म्हणाले, "बाईंना घरच्या माणसाची काळजी आहे, साहजिक आहे. आपण वैमानिक बदलू." दोघांचेही शिक्के काढून दुसऱ्यांकडे दिले गेले, त्यांनी ते मारलेही, आणि दुसऱ्या तळावरून एक नवा वैमानिक आला. हसरा होता. आल्या आल्या त्याने माझ्या खुंटीला टोपी अडकवली आणि फोनवर आईला सांगितलं की उद्या बातम्या बघ.

समारंभाच्या सकाळी भाचीचा नवरा शेडमध्ये आला. अंगावर उड्डाणाचे कपडे होते.

"तू कशाला हे घातलंस?" तिने विचारलं.

"मीच जातोय. सांगितलं त्यांना."

"मी भांडले ती कशासाठी?"

"मला माहितेय. पण मी नाही गेलो तर तो जाणार. मी त्याला सगळं सांगितलं, तर तो म्हणतो, शिक्के आहेत ना दोन. हे उजवीकडे किती ओढतं ते माझ्या हाताला माहीत आहे, त्याच्या नाही."

"मग कुणीच जाऊ नका."

"ते आपल्या हातात ठेवलंय का कुणी?"

मामा म्हणाले, "जावईबापू, वळणं हळू घ्या. वेगात वळलं की सगळा भार त्या पिळलेल्या पंखावर येतो. दिसलं कमी तरी चालेल."

"घेईन, मामा." तो वाकून त्यांच्या पाया पडला. मामांना ते आवडलं नाही, पण त्यांनी डोक्यावर हात ठेवला.

आता शेडमध्ये भाची, मामा आणि मी एवढेच उरलो आहोत, मित्रांनो. बाकी सगळे बाहेर मंडपात आहेत. माझ्यात पुढच्या विमानाचा पंख अर्धा जोडून ठेवलेला आहे. समारंभ संपला की फिटर परत येतील आणि उरलेले बोल्ट बसवतील. भाची आपल्या बाजूला उभी होती, मामा आपल्या. इंजिन सुरू झालं तेव्हा मामा रबराच्या पट्टीवरून पलीकडे गेले आणि तिच्या शेजारी उभे राहिले.

तुम्ही मोठे व्हाल, तेव्हा कधी ना कधी एखाद्या मोठ्या कामातलं अर्धं काम तुमच्या वाट्याला येईल. ते नीट कराल, याची मला खात्री आहे. शाबासकीही मिळेल, ती जरूर घ्या. पण तेवढ्यावर घरी जाऊ नका. तुमचं जिथे संपतं आणि दुसऱ्याचं जिथे सुरू होतं, तिथे जाऊन वाका आणि हात लावून पाहा. कुणाला अपमान वाटला तर वाटू द्या. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते.

बाहेर टाळ्या वाजताहेत. विमान वर गेलं आहे आणि पहिलं वळण त्याने हळू घेतलं, हे आवाजावरून मला कळलं. मंडपातून भोंग्यावर कुणीतरी सांगतंय, "आता आपले वैमानिक पूर्ण वेगाने तीव्र वळण घेऊन दाखवतील."

भाचीने मामांचा हात घट्ट धरला आहे. विमानाचा आवाज वाढतो आहे.