नालवाली बाटली

केस पुसत ऊर्जा बाहेर आली आणि शेल्फपुढे थबकली. काल रात्री तिथे बाटली होती. आता समई होती.

"मल्हार, माझी बाटली कुठाय?"

तिचा नवरा प्रसादाचा शिरा ढवळत होता. "बाबांनी आवरलं सगळं. पूजेला माणसं येणार आणि दर्शनी दारूची बाटली, म्हणाले. खाली जुन्या काचा टाकायच्या कंटेनरमध्ये टाकायला गेलेत."

"टाकायला?"

काचेवर पीएचडी करणाऱ्या ऊर्जाने वर्षभर स्टुटगार्टचे सगळे जुने बाजार पालथे घातले होते, तेव्हा कुठे ही हाती लागली होती. अमेरिकेच्या पश्चिमेला चांदीच्या खाणींभोवती गावं उगवत होती, त्या काळातली व्हिस्कीची बाटली! तपकिरी, एका अंगाला किंचित कललेली, पोटावर घोड्याची नाल. साच्याची शिवण मानेशी येऊन थांबत होती, कारण तोंड कारागिराने मागाहून हाताने चिकटवलं होतं. काचेत अडकलेले बुडबुडे ती भिंगातून इतका वेळ बघत बसली, की मल्हार म्हणाला, "माझ्याकडे बघ की कधीतरी असं."

ती साडी सावरत, ओल्या केसांनी, मोज्यांवरच उताराच्या पायऱ्या उतरत सुटली.

कंटेनरपाशी जुंपली होती. सोवळ्यावर हिवाळी जाकीट चढवलेले तिचे सासरे राजाभाऊ बाटलीचा बुडखा धरून उभे होते. बाटलीची मान शेजारच्या फ्राऊ हेगेलेंच्या मुठीत होती.

"झोनटाग!" बाई ओरडत होत्या. "होयटं इस्ट झोनटाग!"

"अहो बाई, तपकिरी काच तपकिरी डब्यातच टाकतोय ना? मग चुकलं कुठे?"

झोनटाग म्हणजे रविवार, आणि रविवारी काच फोडून शेजाऱ्यांची शांतता मोडायची नसते, हे राजाभाऊंना कोणी सांगितलंच नव्हतं. बाईंनी हिसका दिला, राजाभाऊंनी प्रतिहिसका. खाली फरशी.

"सोडा" हा शब्द ऊर्जाच्या ओठांवर आला होता. पण दोघांनी एकदमच सोडली तर?

"बाबा, घट्ट धरा!" ती किंचाळली, आणि तेच लगोलग जर्मनमध्ये.

दोघंही जागच्या जागी पुतळे झाले. ऊर्जाने मधोमध दोन्ही हात घालून बाटली काढून घेतली, छातीशी धरली आणि वेड्यासारखी हसत सुटली. आधी फ्राऊ हेगेले हसल्या, मग राजाभाऊ. का हसतोय हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"झोनटागचा विजय असो!" ऊर्जा म्हणाली आणि तिने फ्राऊ हेगेलेंना पूजेचं आमंत्रणच देऊन टाकलं.

परतीच्या चढावर तिने सासऱ्यांना नाल दाखवली, शिवण दाखवली, बुडबुडे दाखवले. राजाभाऊंनी बाटली उन्हात धरली. आत मधासारखा उजेड पेटला.

"अरेच्चा! हे तर देखणं आहे गं. राहू दे शेल्फवर. समईला जरा सरकवू."

ऊर्जाने तिथेच गिरकी घेतली.

"पण इतकी वर्षं फुटली कशी नाही? होती कुठे?"

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "शौचखड्ड्यात. खाणकामगार चोरून प्यायचे आणि बाटल्या तिथेच टाकायचे. मऊ जागा ना, म्हणून टिकल्या. संग्राहक आता तेच खड्डे शोधून खणतात."

राजाभाऊंनी सोवळ्याकडे पाहिलं. बाटली हातभर लांब धरली. पण सोडली नाही.

"चल लवकर," ते म्हणाले. "आधी हिला आंघोळ घाल. मग मी करतो."